ज्याचं कुत्रं त्यानं बघावं?

उन्हाळा लागला की भूम तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘ज्याचं कुत्रं त्यानं बघावं.’ शेजारच्या वस्तीवर साखळीला बांधलेलं कुत्रं दिवसभर केकाटतंय, त्याच्या बरगड्या मोजता येतात, हे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसत असतं. कुणी विषय काढलाच, तर या वाक्यानं तो मिटतो आणि पुढे बोलणारा आगाऊ ठरतो. मला हे वाक्य मान्य नाही. ते व्यवहाराला धरून नाही, कायद्याला धरून नाही आणि या मुलखाच्या रीतीलाही धरून नाही. पण ते खोडताना दुसऱ्या टोकाची समजूतही खोडायला हवी. रात्री गुपचूप जाऊन साखळी सोडली की पुण्य पदरात पडलं, असं मानणारेही आता भेटू लागले आहेत.

आधी मालकीचा मुद्दा घेऊ. ‘त्याचं जनावर आहे, तो मारो नाहीतर तारो,’ असं म्हणतात. हे म्हणणं देशाच्या कायद्यानं १९६० सालीच मोडीत काढलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडलं, त्यानंतर सरकारनं प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा केला. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार, जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्यानं त्याचं हित पाहायचं आणि त्याला नाहक यातना होऊ द्यायच्या नाहीत. अकरावं कलम वाचताना तर ते एखाद्या वस्तीवर उभं राहून लिहिलंय की काय असं वाटतं. जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीला वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधणं हा गुन्हा. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पाय मोकळे करायला न नेणं हा गुन्हा, आणि इथं कुत्र्याचा उल्लेख नाव घेऊन आहे. पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हाही मालकाचा गुन्हाच. थोडक्यात, मालकी ही सबब होऊ शकत नाही. मालक आहे म्हणूनच तो जबाबदार आहे.

कायदा दिल्लीचा, आपल्याकडे तो कुठं चालतो, असं कुणी म्हणेल. मग आपल्याच तालुक्यातल्या कुंथलगिरीकडे बघा. जैनांचं हे सिद्धक्षेत्र. देशभूषण आणि कुलभूषण मुनींना इथं मोक्ष मिळाला अशी श्रद्धा आहे. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या अहिंसाव्रताला लागणारे पाच दोष सांगितले आहेत: जिवाला जखडून ठेवणं, मारणं, त्याचे अवयव छाटणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि त्याचं अन्नपाणी तोडणं. यातला पहिला आणि शेवटचा दोष पुन्हा वाचा. बांधून ठेवणं आणि अन्नपाणी तोडणं. संसदेनं १९६० साली जे लिहिलं, ते या डोंगरावर येणारे श्रावक कितीतरी शतकं आधीपासून व्रत म्हणून ऐकत आले आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो घेणारी माणसं मनानं वाईट नसतात. ‘इथं माणसांना टँकरची वाट बघावी लागते आणि तुम्ही कुत्र्याचं घेऊन बसलात?’ बालाघाटच्या या पठारावर पाण्याची ओढ काय असते ते घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. पण हिशेब तरी करून बघू. वीस किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक ते दीड लिटर पाणी लागतं, कडक उन्हात थोडं जास्त. दुभत्या म्हशीला पन्नास लिटरच्या पुढं लागतं. ते आपण दुष्काळातही कुठूनतरी आणतोच, कारण कुंथलगिरीच्या ज्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तो खवा दुधातूनच होतो. तालुक्याचं पोट जनावरांवर चालतं. म्हशीनं एक वेळ वैरण टाकली तरी घरातला जाणता माणूस ते ओळखतो आणि डॉक्टरला बोलावतो. ज्यांची नजर जनावराच्या बाबतीत एवढी तयार आहे, त्यांना गोठ्याच्या दारातलं कुत्रं दिसत नाही, हे मला पटत नाही. दिसतं. त्याचं दूध निघत नाही, एवढंच.

‘उपाशी कुत्रं तिखट राहतं, राखण चांगली करतं,’ हा तर निव्वळ भ्रम आहे. उपाशी कुत्रं चोरानं टाकलेल्या तुकड्याला भुलतं. तहानलेलं कुत्रं दुपारी भुंकायचंही सोडून देतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा अंग निववायचा मुख्य मार्ग, आणि त्यासाठी अंगात पाणी लागतं. शिवाय बिबट्या आला तर आखूड साखळीतलं कुत्रं राखण काय करणार? त्याला धड पळताही येत नाही.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. भूमजवळच्या एका वस्तीवर बाभळीला कुत्रं बांधलेलं होतं. मालक माणूस चांगला. पहाटे भगुनं पाण्यानं भरून, भाकरी टाकून तो डेअरीला दूध घालायला गेला आणि तिथून परस्पर रानात. ऊन चढलं तशी सावली सरकली. सावलीमागं कुत्रं बाभळीभोवती फिरत राहिलं आणि साखळीचे वेढे खोडाला पडत गेले. बाराच्या सुमाराला साखळी जेमतेम हातभर उरली होती. भगुनं समोर होतं, त्यात पाणीही होतं, पण तोंड पोचत नव्हतं. गळ्यातला पट्टा पिलू असतानाचाच. त्याच्याखाली कातडं सोलून निघालेलं आणि माशा बसलेल्या. मालकाला विचारलं असतं तर त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की पाणी ठेवलंय, आणि ते खरंच होतं.

हेळसांड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काठी घेतलेला क्रूर माणूस उभा राहतो. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा अशी असते: सरकलेली सावली, न बदललेला पट्टा, घरी कुणी नसलेली दुपार. म्हणून शेजाऱ्याचं पहिलं काम बोलण्याचं. ‘तात्या, दुपारी साखळी गुंडाळली जाते बघा त्याची. मी येता-जाता पाणी सरकवत जाऊ का?’ एवढं म्हटलं तर कुणाचा अपमान होत नाही. दोन खांबांमध्ये जाड तार ताणून तिच्यात कडी अडकवली आणि कडीला साखळी लावली, तर कुत्र्याला तारेच्या लांबीएवढं फिरता येतं आणि वेढे पडत नाहीत. शेतकऱ्याच्या घरात तार आणि कडी नाही असं होत नाही. आणि आधी विचारायचं ते यासाठीही, की वाळलेलं प्रत्येक कुत्रं उपाशीच असतं असं नाही. ते म्हातारं असेल, गोचीडतापानं खंगलेलं असेल, मालक पदरचे पैसे घालून औषध देत असेल.

म्हणूनच रात्री साखळी सोडणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सोडलेलं कुत्रं जाणार कुठं? रस्त्यावर गाडीखाली, नाहीतर धनगराच्या मेंढरांत. लस टोचलेली नसेल तर पिसाळण्याचा धोका साऱ्या वस्तीला. दुसऱ्याचं कुत्रं परस्पर उचलून नेणं तर आणखी गैर. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरी म्हणजे काय ते समजावताना एक उदाहरण कुत्र्याचंच दिलेलं होतं: खिशात आमिष ठेवून, अप्रामाणिक हेतूनं, दुसऱ्याचं कुत्रं मागं यायला लावलं, तर ते मागं चालू लागताक्षणीच चोरी घडली. आताच्या भारतीय न्याय संहितेतही ते उदाहरण कायम आहे. तुमचा हेतू चांगला असला तरी तो पोलीस ठाण्यात बसून पटवून देण्याची वेळ येते, आणि तोवर मूळ प्रश्न मागं पडून गावात दोन तट झालेले असतात.

बोलूनही मालक ऐकत नसेल, उलट अंगावर येत असेल, तर तक्रार करावी आणि ती करताना कचरू नये. इथं मला कायद्याचीही खोटी भलामण करायची नाही. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा. आज तेवढ्यात साखळीसुद्धा येत नाही. उपासमारीचा आणि आखूड साखळीचा गुन्हा अदखलपात्र, त्यामुळं पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. तरीही हा कायदा अगदीच निरुपयोगी नाही. दोष सिद्ध झाला आणि जनावर मालकाकडं ठेवलं तर त्याचा पुन्हा छळ होईल असं दिसलं, तर एकोणतिसाव्या कलमानुसार न्यायालय त्याची मालकी काढून घेऊ शकतं. मात्र खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. म्हणून तारीख घातलेले फोटो, पशुवैद्यकाचं लेखी मत आणि तक्रारीची पोच हे वेळेवर जपून ठेवावं. बाहेरच्या बाहेर कुजबुजत उन्हाळा घालवला, तर हातातला एकमेव रस्ताही बंद होतो.

या तालुक्याचा एक प्रश्न मात्र कुठल्याही कलमानं सुटणारा नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, लेकरं, बैलं, शेरडं चढतात. कुत्रं अनेकदा कुलूपबंद घरासमोर राहतं. पोटासाठी पाच-सहा महिने परमुलखात कोप्या ठोकून राहणाऱ्या त्या माणसाला कुणी निर्दय म्हणावं हे मला सहन होणार नाही. त्याच्यावर खटला घालणं म्हणजे गरिबीवर खटला घालणं. इथं मागं राहिलेल्या गावानंच पुढं यायला हवं, जसं ते मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी पुष्कळदा येतं. रोजची एक भाकर, एक भगुनं पाणी आणि वर्षातून एकदा पिसाळण्याविरुद्धची लस, एवढाच खर्च आहे.

जिल्हा प्रशासनाकडंही एक मागणी आहे. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. धाराशिव जिल्ह्यातल्या सोसायटीकडं तक्रार कुणाच्या नावे आणि कुठं करायची, याचा फलक भूम, परंडा, वाशीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लावा.

आणि गावकऱ्यांनो, २ ऑक्टोबरची ग्रामसभा टोळ्या हलण्याच्या थोडीच आधी येते. त्या सभेत उठून एक प्रश्न विचारा: यंदा कोणकोणती घरं बंद राहणार आहेत, आणि त्यांची कुत्री कोण सांभाळणार? नावं इतिवृत्तात लिहून घ्या.