तारेला ओवलेली कार्डे



मे महिन्यात गावी गेलो होतो. चुलतीने घराला चुना लावायला काढला होता. खुंटीवरची गंजलेली तार माझ्यापुढे टाकून ती म्हणाली, "बघ बाबा, तुझ्या कामाची असंल तर ने. न्हायतर बंबात घालते."

तारेला आजोबांची कार्डे ओवलेली होती. सगळी परळहून आलेली. आजोबा गिरणीत थ्रॉसल खात्यात होते. साचेखात्यात पगार बरा, पण तिथे आपल्या लोकांना घेत नसत. त्यांना लिहिता येत नव्हते. खोलीतल्या एकाकडून लिहवून घेत. जवळजवळ प्रत्येक कार्डाची सुरुवात एकच: आज रविवार, गिरणी बंद, म्हणून पत्र.

हा रविवार कुणी मिळवला? आमच्या खटाव तालुक्यातले कटगुण हे जोतीराव फुल्यांचे मूळ गाव. त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे माझ्यासारखेच कारकुनी पेशातले! कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात काढलेला 'दीनबंधु' त्यांनी 1880 साली हाती घेतला आणि मुंबईतून चालवला. 1884 साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी तयार केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, अशा मागण्या होत्या. 1890 च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन स्त्रियाही तिथे बोलल्या. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 9 फेब्रुवारी 1897 रोजी लोखंडे प्लेगने गेले.

या संपादकाच्या पत्रांचे काय झाले असेल, हा प्रश्न मला कारकून म्हणून पडतो. आज लोखंडे आपल्याला भेटतात ते बरेचसे सरकारी दप्तरात. देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवायला सरकार दर आठवड्याला त्यांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा करून घेई. त्यात 'दीनबंधु'ही आहे. पाळत ठेवणाऱ्यांनी जपले, ही गंमतच म्हणायची. उलट सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उरली. त्यांतली दोन आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावची. 1868 च्या पत्रात गावकरी जिवावर उठलेल्या एका ब्राह्मण तरुणाला आणि महार मुलीला त्यांनी कसे वाचवले, ते आहे. कार्यालयाच्या कुठल्याच फायलीत हे सापडले नसते.

तार मी सांगलीला आणली. सव्वीस कार्डे आहेत. गंजाने मधोमध भोके पडली आहेत, पाच कार्डांची शाई फुटली आहे. माझी धाकटी मोडी शिकली नाही, पण ही बाळबोधच आहेत, म्हणून ती वाचते आणि मी वहीत उतरवतो. परवा एका कार्डात निघाले: "धाकटीला शाळेत घाला, बकरी विका."

धाकटी म्हणजे माझी आत्या. ती मिरजेला नर्स होऊन निवृत्त झाली. बकरीची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. येत्या रविवारी ते कार्ड घेऊन तिच्याकडे जाणार आहे.