टेनिस म्हणजे 'हो'

१८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. 'तां' या एका अक्षराखेरीज त्याच्या तोंडून जवळजवळ काहीच उमटत नसे. त्याची वाचा का गेली हे मेंदूत पाहण्यासाठी ब्रोकांना त्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागली. तो मेंदू न कापता जपून ठेवला गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआरआय तपासणीत इजा वरून दिसली त्याहून पुष्कळ खोल गेल्याचे आढळले. पाठ्यपुस्तकांनी आखलेला वाणीचा तो नेमका कोपरा तितका नेमका नव्हता तर!

१९९०च्या दशकात कार्यात्मक एमआरआय आला आणि जिवंत, विचार करणाऱ्या मेंदूकडे पाहता येऊ लागले. हे यंत्र विचार टिपत नाही. रक्तातील प्राणवायूचे चढउतार टिपते. त्या रंगीत ठिपक्यांना भुलणारे पुष्कळ असतात. (२००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेल्या सॅमन माशालाही यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रे दाखवली, संख्याशास्त्रीय दक्षता सोडली, तर त्याचा मेंदूही 'उजळला'!) पण म्हणून आम्ही साहित्यवाल्यांनी या साऱ्याकडे नाक मुरडून पाहावे, हेही आम्हांस पटत नाही.

२००६ मध्ये एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी, बाह्यतः कोणतीही जाणीव न दाखवणाऱ्या एका तेवीस वर्षांच्या अपघातग्रस्त स्त्रीला, टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले. निरोगी माणसाच्या मेंदूत जे भाग जागे होतात, तेच तिच्याही झाले. २०१० मध्ये याहून पुढचे पाऊल पडले. एका रुग्णाशी संकेत ठरला: टेनिस म्हणजे 'हो', आपल्या घरातून फिरणे म्हणजे 'नाही'. त्याने वडिलांच्या नावासारख्या प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली.

टेनिसचा आणि होकाराचा काय संबंध? काहीच नाही. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे म्हणणे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. इथे त्याच नात्यावर एका माणसाचे बोलणे टांगलेले होते. यंत्राने मन वाचले असे म्हणणे आम्हांस चुकीचे वाटते. कुणीतरी शब्दांत विचारले, त्याने शब्द समजून घेतले आणि ठरलेल्या खुणेने उत्तर दिले.

त्या अभ्यासातील ५४ रुग्णांपैकी अशी कल्पना हुकमी करू शकले ते ५. उरलेल्या ४९ जणांच्या मौनाचे वाचन यंत्राला जमले नाही. ते नव्हतेच, की त्यांना प्रश्न कळला नव्हता, की टेनिस खेळण्याइतके त्राण मनात उरले नव्हते?