चाकाखालचे लिंबू

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्या आळीत एक नवी एसयूव्ही आली. मोटार कसली, चाकांवर चालणारा वाडाच तो! बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक आणि पुढच्या चाकाखाली रीतीप्रमाणे एक लिंबू. चाक सरकले, लिंबू चिरडले, पेढे वाटले गेले.

यंदाच्या दसऱ्याला ते गृहस्थ चेहरा पाडून बसले होते. २२ हजार किलोमीटरांतच चारही टायर गुळगुळीत झाले होते आणि नव्या चारांचे बिल ६० हजारांच्या वर गेले होते. ते आधी मोटार विकणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "टायर आमच्या वॉरंटीत येत नाहीत, टायर कंपनीला विचारा." टायर कंपनीचा माणूस म्हणाला, "रबरात दोष नाही, साहेब. हवा कमी ठेवली असेल, नाहीतर व्हील अलाइनमेंट बिघडली असेल." गृहस्थ टापटिपीचे, त्यांनी सगळ्या पावत्या पुढे ठेवल्या. तेव्हा उत्तर आले, "एवढ्या वजनाच्या गाडीला हे व्हायचेच!"

व्हायचेच होते, तर विकताना का नाही सांगितले? माझे भांडण आहे ते या प्रश्नाशी.

गणित सोपे आहे. लहान मोटार आठ-नऊशे किलोंची, मोठी एसयूव्ही दोन टनांच्या घरात. हा सारा भार रस्त्याला टेकतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर. ब्रेक लावताना, वळण घेताना तेवढेच रबर सगळा भार आवरते आणि झिजते. उंच गाडी वळणावर कलते, मग टायरच्या कडा आधी जातात. गाडी विजेची असली, तर बॅटरीचेच वजन काही शे किलो, शिवाय पायाखालचे बटण दाबताच चाकाला बसणारा हिसका. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात, १.६ मिलिमीटर उरले की टायर बाद. म्हणजे गिऱ्हाइकाने विकत घेतलेले खरे रबर जेमतेम बोटाच्या पेराच्या चौथाईइतके!

कुणी म्हणेल, हत्ती पाळायचा तर चाऱ्याची तक्रार कशाला? कबूल. पण हत्ती विकणारा माहूत चारा किती लागतो ते सांगतो. आमचा विक्रेता फक्त अंबारीचा रंग सांगतो. लिटरमागे किती किलोमीटर, हा आकडा जाहिरातीत दशांशासकट असतो. टायर किती टिकतील, याबद्दल मौन. गाडीचे वजन, चाकाचे माप आणि पहिले चार टायर, हे सर्व कारखानदार ठरवतो. गिऱ्हाईक निवडते तो रंग. मग अकाली झिजेचा भुर्दंड एकट्या गिऱ्हाइकावर का?

माझे म्हणणे असे. गाडी विकतानाच टायरचे अपेक्षित आयुष्य लेखी द्यावे. मालकाने हवा आणि अलाइनमेंट नीट राखूनही टायर निम्म्यावर बाद झाले, तर उरलेल्या निम्म्याचे पैसे कारखानदाराने भरावेत.

पण आमच्या शेजाऱ्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. एक हिशेब त्यांच्याही नावावर आहे. ते झिजलेले रबर गेले कुठे? रस्त्यावर, गटारात, नदीत आणि शेजारून सायकल हाणणाऱ्या पोराच्या छातीत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांत पावसाबरोबर कोहो सॅमन मासे मरत. रबराचे ओझोनपासून रक्षण करायला टायरमध्ये जे रसायन घालतात, त्यातूनच मारक द्रव्य तयार होते, असे तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवून दिले. युरोपने २०२४ साली मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत टायरच्या झिजेवरही मर्यादा घातली. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी जुन्या टायरांची विल्हेवाट उत्पादकांच्या गळ्यात घातली, हे उत्तम झाले. पण झिजून गेलेले रबर मात्र कुणाच्याच खातेवहीत नाही.

पॅरिसकरांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान करून बाहेरून येणाऱ्या वजनदार गाड्यांचे पार्किंग तिप्पट महाग केले. महाराष्ट्रात खाजगी मोटारीचा कर ठरतो तो किंमत आणि इंधन पाहून. वजन कुणी विचारीत नाही. ते विचारले पाहिजे. घाटातल्या गावी आठ माणसे घेऊन जाणाऱ्याला मोठी गाडी लागते, हे खरे; त्याला सवलत द्या. परंतु एकट्या माणसाने कोथिंबिरीची जुडी आणायला दोन टन लोखंड हाकायचे असेल, तर त्याने खुशाल हाकावे. मात्र त्याचे पैसे मोजावेत.

ज्याने वजन निवडले त्याने खर्च सोसावा, एवढाच हा न्याय आहे. कारखानदाराने आपला वाटा द्यावा, मालकाने आपला. वजन न निवडणाऱ्या पादचाऱ्याने आणि नदीने तो का द्यावा?

वाचकहो, पाडव्याला तुमच्यापैकी अनेकजण नवी गाडी घ्याल. हौस पुरी करा, आमच्याकडे पेढेही पाठवा. पण सहीआधी विक्रेत्याला एवढे विचारा : "ही टायर किती किलोमीटरांत खाईल? तेवढे कागदावर लिहून द्या." तो लिहून देईना, तर चाकाखाली लिंबू ठेवायची तसदी घेऊ नका. तिथे आधीच आपण आहोत!