नवांपैकी सातवी

या अंकाचं संपादकीय एका परदेशी मालिकेवर आहे. तेंदूचा हंगाम, वनहक्काचे दावे, दारूचा प्रश्न समोर असताना हे काय काढलं, असं काहीजणींना वाटेल. पण मागच्या महिन्यात गडचिरोलीच्या शिबिरात एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जात नाही.

आधी कबुली देते. मी 'स्टार ट्रेक'ची जुनी चाहती आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका रविवारी लागायची. यानाच्या नियंत्रणकक्षात एक काळी स्त्री अधिकारी म्हणून बसलेली असे. उहुरा तिचं नाव. तिला चहा आणायला कोणी सांगत नसे, एवढ्यावरच मी खूष होते. पुढे १९९५ साली 'व्हॉयेजर' आली. या मालिकेची नायिकाच यानाची कप्तान होती, कॅथरीन जेनवे. पृथ्वीपासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर भरकटलेलं यान ती परत आणायला निघते. बाईच्या हुकुमावर सगळे चालतात, आणि त्याची चर्चाही होत नाही. मला तर हे आपल्याच चळवळीचं स्वप्न वाटलं होतं.

मग १९९७ साली, चौथ्या पर्वात, एक नवं पात्र आलं. सेव्हन ऑफ नाइन, म्हणजे नवांपैकी सातवी. तिला जागा करून देण्यासाठी केस नावाच्या तरुणीचं पात्र काढून टाकलं गेलं. प्रेक्षक वाढवायचे होते. त्यासाठी नव्या बाईला अंगाला चिकटलेला चंदेरी पोशाख दिला. तो इतका घट्ट होता, की त्यात श्वास घेणंही जड जाई, असं जेरी रायन या अभिनेत्रीनं पुढे मुलाखतींतून सांगितलं. बाकीचे बहुतेक गणवेशात, ही एकटीच अशी. मला संताप आला. दोन वर्षं बाई कप्तान म्हणून चालली, तिसऱ्या वर्षी हिशोब मांडला आणि पुन्हा बाईचं शरीर दुकानात ठेवलं! जेनवेची भूमिका करणाऱ्या केट मलग्रूलाही राग आला होता, आणि तो आपण जेरी रायनवर काढला, असं तिनं नंतर मोकळेपणानं कबूल केलं. निर्णय घेणारे बाजूला राहिले आणि दोन बाया एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. हे आपल्याला ओळखीचं नाही का?

पण मालिका बघणं मी सोडलं नाही, कारण त्या पोशाखातली बाई फार खरी होती. बोर्ग नावाची एक सत्ता आहे. ती माणसं पळवते, त्यांच्या शरीरात यंत्रं घालते, सगळ्यांचं मन एकच करून टाकते आणि नावाच्या जागी क्रमांक देते. ॲनिका नावाच्या मुलीला तिच्या आईबापांसह त्यांनी नेलं, तेव्हा ती सहा वर्षांची होती. जेनवे तिला तिथून तोडून आणते. ती म्हणते, मला परत जाऊ द्या. जेनवे म्हणते, नाही, तू माणूस आहेस, आता माणूस म्हणूनच राहा. तिचा नकार धरला जात नाही. तिच्या भल्याचं काय, ते कप्तान ठरवते.

शिबिरात रात्री जेवणं झाल्यावर मी मुलींना मोबाईलवर हा भाग दाखवला. पोशाखावर बोलावं, जाहिरातीतल्या बाईकडे वळावं, असा माझा बेत होता. एक मुलगी, आता गावात आरोग्याचं काम करणारी, बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मलापण नंबर होता. आश्रमशाळेत. पेटीवर, ताटावर, कपड्यावर. पहिलीत गेली तेव्हा मराठी येत नव्हती. माडियात बोललं की मार बसे. सुट्टीत घरी आली तर आजीशी बोलताना शब्दच आठवेना." थोडं थांबून तिनं विचारलं, "मग यातली बोर्ग कोण न् कप्तान कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोशाखावरचं माझं भाषण तिथेच राहिलं.

शाळा नको असं ती म्हणत नव्हती. शाळेमुळेच ती आज औषधाची चिठ्ठी वाचते, पंचायतीत प्रश्न विचारते. तिचं म्हणणं एवढंच, की मला विचारलं कोणी? मैत्रिणींनो, आपण 'मुख्य प्रवाह' हा शब्द किती सहज वापरतो! मुक्तीचा नकाशा आपल्या हातात आहे, असं धरून गावात जातो. मीही जेनवेसारखीच वागले आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर रेला नाचणाऱ्या एका तरुणीचा फोटो मी छापला. सुंदर फोटो होता. तिला विचारलं नव्हतं, खाली नावही नव्हतं. मालिकावाल्यांवर चिडण्याचा माझा अधिकार तिथेच थोडा कमी होतो.

आणखी एक गोष्ट टोचते. बोर्गचा दुष्टपणा दाखवायला मालिकेनं 'सामूहिक' हाच शब्द धरला. समूह म्हणजे एकट्याचा आवाज संपला, असं तिथे गृहीत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडे बघा. या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकीचा जरी नकार असला तरी चर्चा पुढे चालू राहते. त्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. सरकारी मान्यतेसाठी तिला झगडावं लागलं. समूहात राहूनही आपला आवाज राखता येतो, हे सांगायला परग्रहावर जायची गरज नाही. आपल्या गटाच्या बैठकीत मात्र नकाराला एवढी जागा असते का, हे प्रत्येकीनं तपासावं.

सातवीची गोष्ट तिथे संपली नाही. २०२० ते २०२३ या काळात आलेल्या 'पिकार्ड' मालिकेत ती परतली, साध्या कपड्यांत. वरिष्ठ अधिकारी तिला हट्टानं तिच्या जन्माच्या आडनावानं हाक मारतो, पण ती सांगते, माझं नाव सेव्हन. शेवटी ती कप्तान होते. बोर्गनं दिलेला क्रमांक तिनं स्वतःचा करून घेतला. कुठलं ठेवायचं, कुठलं टाकायचं, ते तिनं ठरवलं. यासाठी पाव शतक लागलं. म्हणून आजही या पात्राबद्दल मला आनंद आणि राग दोन्ही वाटतात, आणि त्यातलं एक सोडून द्यावंसं वाटत नाही.

शिबिरातल्या त्या मुलीला मी विचारलं, पुढच्या शंभर वर्षांची गोष्ट तू लिहिलीस तर त्यात काय असेल? ती म्हणाली, आधी माझ्या आजीला विचारीन. तेव्हा पुढच्या अंकाची चार पानं या मुलींची. भाषा त्यांची, गोंडी किंवा माडिया असली तरी मराठी करून मागणार नाही. फोटो त्या निवडतील. मुखपृष्ठावरच्या त्या तरुणीचाही शोध सुरू केला आहे. तिला भेटून माफी मागायची आहे.

तुमच्या गटात कोणाकोणाला नंबर मिळाला होता? जरूर लिहा.