सात घाटांची वाई

माघ-फाल्गुनात वाईच्या कृष्णाकाठी मांडव उभे राहू लागतात. कृष्णाबाईचा उत्सव हा एका देवळाचा वा एका मंडळाचा उत्सव नव्हे. भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी अशा सात ठिकाणी तो पाळीपाळीने होतो. ठरलेल्या तिथींना प्रत्येक आळी कृष्णामाईला आपल्या घाटावर विराजमान करते आणि कीर्तन, प्रवचन, महाप्रसाद यांचा भार स्वतः वाहते. अफजलखानाच्या स्वारीच्या संकटकाळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी येथील परंपरागत श्रद्धा आहे.

पांचगणी-महाबळेश्वराकडे निघालेला प्रवासी वाईत घटकाभर थांबतो, ढोल्या गणपतीला हात जोडतो आणि पसरणीच्या घाटाला लागतो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेल्या या मंदिराची मागील भिंत मत्स्याकार आहे, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. पुराचा लोंढा तीवर आदळून दुभंगावा, ही तीमागील योजना. नदीला माता म्हणणाऱ्यांनी तिच्या कोपाचाही हिशेब ठेवला होता! शेजारच्या मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आता चित्रपटांमुळे अधिक परिचित झाला आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

परंतु गाव प्रेक्षणीय असणे वेगळे आणि राहण्याजोगे असणे वेगळे. वाईत या दोन्ही गोष्टी दीर्घकाळ एकत्र नांदल्या. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा याच गावातली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेथेच घडले, आणि १९७६ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या मराठी विश्वकोशाच्या संपादनाचे कार्यही येथेच चालले. ज्ञानकोशाच्या कामाला महानगर लागत नाही. निवांतपणा, ग्रंथ आणि पायी जाता येईल इतक्या अंतरावर विद्वानांचा शेजार लागतो. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर टेकता येणे, हेही त्या सुखातच मोडते.

आता त्या पायरीवरून दिसणाऱ्या पाण्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. वस्ती वाढली, वाहने वाढली, आणि सांडपाण्याला उताराची वाट नदीकडेच सापडली. जिची ओटी भरावयाची तिच्याच पात्रात प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य टाकावयाचे, हा कोणता धर्म? घाटांवर दिव्यांची आरास करून प्रवासी येतीलही. परंतु दुर्गंधीमुळे जेथे घरच्या सुनेला नदीवर जाववत नाही, तेथे आरास कोणासाठी? नगरपालिकेचे उत्तरदायित्व निर्विवाद आहे. मात्र पिढ्यान्‌पिढ्या उत्सवाचा खर्च, स्वयंपाक आणि पंगती सांभाळणाऱ्या आळ्यांना आपल्या घाटाची वर्षभराची राखण अशक्य आहे, असे आम्हांस वाटत नाही. यंदाची सांगता होण्यापूर्वी प्रत्येक आळीने आपल्या घाटाशेजारी नदीत उतरणारी गटारे मोजावीत आणि तो आकडा घेऊन नगरपालिकेच्या दारी जावे.