पेटंट एकत्र आले, तरी स्पर्धा हवीच

सरकारी एआरटी केंद्रात एचआयव्हीची 'टीएलडी' गोळी फुकट मिळते. सरकारला ती परवडते, कारण ती अनेक कंपन्या बनवतात आणि भावात एकमेकींशी स्पर्धा करतात. ही स्पर्धा संपली, तर पहिला फटका गरीब रुग्णालाच बसेल.

२००१ साली मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षभराचा इलाज ३५० डॉलरला देऊ केला. परदेशी कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. सिप्लाला हे जमले, कारण तेव्हा आपल्याकडे औषधाला पेटंट मिळत नव्हते. २००५ पासून ते मिळू लागले.

यावर तोड म्हणून २०१० मध्ये जिनिव्हात 'मेडिसिन्स पेटंट पूल' उभा राहिला. पेटंटवाली कंपनी या संस्थेला परवाना देते आणि संस्था तो अनेक कंपन्यांना वाटते. टीएलडीतील डोल्युटेग्रॅव्हिरचा परवाना २०१४ मध्ये असाच मिळाला. २०१७ मध्ये गरीब देशांसाठी टीएलडीचा भाव वर्षाला सुमारे ७५ डॉलर ठरला. हे मोठेच काम झाले.

पण परवान्यासोबत अटी येतात. कोणत्या देशात विकायचे, हेही त्यात ठरते. व्यापाऱ्यांनी संगनमताने बाजार वाटून घेतला, तर स्पर्धा कायदा त्याला बेकायदा मानतो. पेटंटच्या परवान्यात मात्र तीच वाटणी चालून जाते. कोलंबिया या परवान्याबाहेर राहिला. शेवटी २०२४ मध्ये तिथल्या सरकारला सक्तीचा परवाना काढावा लागला.

आपला २००२ चा स्पर्धा कायदा पेटंट राखण्यासाठी 'वाजवी' अटींना मुभा देतो. पण वाजवी काय, हे ठरवायचे कोणी? जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की पेटंटधारकाच्या अशा वागण्याची चौकशी पेटंट कायद्याखालीच होईल. स्पर्धा आयोगाला तो अधिकार नाही. खटले मोबाइलचे आणि बियाण्यांचे होते, पण तोच नियम औषधालाही लावता येईल.

पेटंट कायद्यात उपाय नाही असे नाही. २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधाला सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याचा २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला. मात्र भारतात असे एकदाच घडले. एवढ्या एका दारावर विसंबता येणार नाही.

म्हणून पूल हवा, त्याच्या अटी उघड हव्यात आणि त्या तपासण्याचा अधिकार स्पर्धा आयोगालाही हवा. संसदेने कायद्यात तसे स्पष्ट लिहावे. मते मागायला येणाऱ्यांना नळ-गटाराबरोबर हाही प्रश्न विचारा.