कसबाची किंमत कोणी ठरवायची?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. प्रायोगिक तत्त्वावर दहा हजार तरुणांना तेथे रोजगार मिळवून द्यावयाचा, असे जाहीर झाले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशा अनेक व्यवसायांचा त्यात अंतर्भाव आहे आणि जर्मन भाषेचे वर्ग सरकारी यंत्रणेमार्फत भरवण्याची योजनाही आखली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी दरवर्षी द्यावयाच्या व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेली.

या वाटेला नाक मुरडण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. आयटीआय पूर्ण करून कंत्राटदाराच्या दारी सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर राबणारा तरुण, किंवा जिल्हा रुग्णालयात वर्षानुवर्षे कंत्राटावर काढलेली परिचारिका, चार पैसे अधिक मिळतील म्हणून देश ओलांडू पाहत असेल, तर त्यांना देशभक्तीचे डोस पाजण्याचा अधिकार त्यांना येथे कायम न करणाऱ्यांना तरी खासच नाही. पोटासाठी घाट उतरून मुंबईच्या गिरणीत गेलेल्यांची ही नातवंडे आहेत. प्रश्न त्यांनी जावे की नाही हा नाही. जो माणूस येथून कुशल कामगार म्हणून निघतो, तो तेथे पोहोचल्यावर कुशल कामगार म्हणून उभा राहतो काय, हा प्रश्न आहे. आणि त्याविषयी स्वागतसमारंभांत फारसे कोणी बोलत नाही.

जर्मनीत परिचारिकेचे काम कायद्याने नियंत्रित आहे. तेथील परवाना मिळाल्यावाचून ते नाव लावता येत नाही आणि त्या दर्जाचे वेतनही मिळत नाही. परदेशात घेतलेल्या शिक्षणाची जर्मन शिक्षणाशी तुलना करून घेण्याचा हक्क २०१२ च्या कायद्याने अर्जदारांना मिळाला. हे त्या देशातील लोकशाहीचे एक चांगले फळ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तुलनेअंती बहुसंख्य परिचारिकांच्या हाती जे पडते ते त्रुटींचे पत्रक असते: अमुक विषयाचे तास कमी, अमुक प्रात्यक्षिक अपुरे. मग रुग्णालयात राहून पूरक प्रशिक्षण घ्यावयाचे किंवा परीक्षा द्यावयाची, आणि जर्मन भाषेत बी-२ ही पातळी गाठावयाची. तोवर ती सहाय्यक. नागपुरात किंवा मिरजेत पाच वर्षे एक संपूर्ण वॉर्ड सांभाळलेली बाई तेथे सहाय्यकाच्या वेतनावर रुग्णांची अंगे पुसते, त्यांना भरवते. ते काम हलके आहे असे आम्ही म्हणणार नाही. हलके आहे ते त्याचे वेतन. आणि ही अवस्था जितकी लांबेल तितके त्या रुग्णालयाला अनुभवी परिचारिकेचे हात सहाय्यकाच्या दरात मिळत राहतात, हेही विसरून चालणार नाही.

रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असताना भाषेची अट नको, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. ज्या डॉक्टरचे बोलणे परिचारिकेला कळत नाही तेथे औषधाची मात्रा चुकेल. मात्र आवश्यक अट वेगळी आणि सोयीची दिरंगाई वेगळी. कागदपत्रे पूर्ण झाल्यावर काही महिन्यांत निर्णय द्यावा, अशी मुदत कायद्यात आहे. परंतु सारी गोम त्या ‘पूर्ण’ शब्दात आहे. विषयवार किती तास शिकवले, प्रात्यक्षिक कोणत्या विभागात किती झाले, याचा तपशील शिक्षणसंस्थेने द्यावा लागतो, आणि तो अधिकृत भाषांतरासह. आमच्याकडील संस्था गुणपत्रिका देतात. तासांचा हिशोब मागितला की विद्यार्थ्याला खेटे घालावे लागतात. येथे दोष जर्मनांचा नाही. राज्याच्या परिचर्या परिषदेने आणि व्यवसाय शिक्षण संचालनालयाने प्रत्येक अभ्यासक्रमाचा तासवार तपशील एकदाच तयार करून, एकदाच भाषांतरित करून ठेवला, तर हजारो तरुणांचे कित्येक महिने वाचतील. दहा हजारांची घोषणा करणाऱ्या शासनाला हे एवढे काम अवघड नसावे.

इलेक्ट्रिशियनची गोष्ट थोडी निराळी. आपल्या आयटीआयचा हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. जर्मनीत त्याच व्यवसायाचे शिक्षण साडेतीन वर्षांचे, आठवड्यातील काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत. साहजिकच तुलनेत अंशतः समकक्ष असा शेरा मिळण्याचा संभव मोठा. हा शेरा देतो कोण? उद्योगांतील व्यवसायांसाठी नुरेम्बर्ग येथे एक संयुक्त कार्यालय आहे आणि ते स्थापले आहे उद्योग-व्यापार मंडळांनी, म्हणजे मालकांच्या मंडळांनी. तेथील अधिकारी पक्षपात करतात असा आमचा आरोप नाही. पण ज्याने श्रम विकत घ्यावयाचे त्याच्याच घरी तराजू असावा, ही व्यवस्था कामगार चळवळीने मुकाट्याने मान्य करण्यासारखी नव्हे.

परिचारिकांच्या बाबतीत तराजू सरकारच्या हाती आहे, आणि येथे एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. त्यांना मान्यता देण्याचा अधिकार जर्मनीत राज्य सरकारांकडे असतो. म्हणजे ज्या बाडेन-वुर्टेमबर्गने महाराष्ट्राशी करार केला, तेथील परिचारिकेचा दर्जा ठरवणारे कार्यालय त्याच राज्याचे आहे. एका हाताने माणसे मागावयाची आणि दुसऱ्या हाताने त्यांचे कसब अर्धे ठरवावयाचे, हे एकाच सरकारच्या दोन खात्यांत घडू शकते. तेव्हा मान्यतेची मुदत, तोवरचे वेतन आणि पूरक प्रशिक्षणाचा खर्च हे सारे करारातच बांधून घेण्याची मुंबईला पूर्ण संधी होती आणि आजही आहे. जर्मनीची निकड लहान नाही. निवृत्त होणाऱ्यांची जागा भरून काढण्यासाठी दरवर्षी सुमारे चार लाख माणसे बाहेरून यावी लागतील, असे तेथील रोजगार संशोधन संस्थेनेच सांगितले आहे. ज्याला गरज आहे त्याच्याशी बोलताना हात जोडून उभे राहण्याचे कारण काय?

इतिहासही जरा पाहावा. इटलीशी १९५५ मध्ये आणि तुर्कस्तानशी १९६१ मध्ये करार करून पश्चिम जर्मनीने कामगार आणले, त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले, आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती एकाएकी बंद केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्की कामगारांना काढून टाकल्यावरून संप झाला. तुर्की कामगार गेटात उभे राहिले, बहुतेक जर्मन सहकारी त्यांच्यापासून दूर राहिले, संघटनेचे नेतृत्वही पाठीशी आले नाही, आणि संप मोडला. आपल्या माहितीतला धागाही त्यात आहे. साठच्या दशकात केरळातील कितीतरी तरुणी चर्चच्या मार्फत जर्मनीत परिचारिका म्हणून गेल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बेकारी वाढली तेव्हा त्यांच्यापैकी अनेकींचे परवाने वाढवून दिले गेले नाहीत. तेच संकट कोरियन परिचारिकांवरही आले होते. त्यांनी १९७७-७८ मध्ये सह्यांची मोहीम काढली, जर्मन स्त्रियांना आणि संघटनांना बरोबर घेतले आणि राहण्याचा हक्क मिळवला. ‘गरज आहे’ हे मालकाचे वाक्य मंदी येताच बदलते. बॉशसारख्या स्टुटगार्टच्या कंपनीने २०२५ मध्ये हजारोंच्या नोकरकपातीची घोषणा केलीच आहे.

आता व्यवहाराचे. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली परदेशी भरती करणाऱ्या दलालाला सरकारी नोंदणी आवश्यक आहे आणि त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या शुल्काला तीस हजार रुपये आणि कर अशी मर्यादा आहे. प्रत्यक्षात लाखांच्या गोष्टी कानी येतात आणि जमीन गहाण पडते. केरळ सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नॉर्का संस्थेमार्फत जर्मन रोजगार खात्याशी करार केला, त्यात परिचारिकेला भाषाशिक्षणासाठी वा भरतीसाठी पदरचे पैसे द्यावे लागत नाहीत. मालकाने भरावे हे तत्त्व केरळला साधते तर महाराष्ट्राला का साधू नये, याचे उत्तर संबंधित मंत्र्यांनी द्यावे. तसेच ठरलेल्या मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास भाषा व प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याची जी कलमे काही करारपत्रांत घातली जातात, ती आपल्या शासनाच्या शिक्क्याखाली होणाऱ्या कोणत्याही करारपत्रात असता कामा नयेत. कर्जाने बांधलेला कामगार वाईट मालकाला सोडू शकत नाही, हे ऊसतोडीच्या उचलीने आपल्याला पुरेसे शिकवले आहे.

मार्च २०२४ पासून जर्मन कायद्यात एक उपयुक्त तरतूद आली आहे. किमान दोन वर्षांचे शासनमान्य शिक्षण आणि दोन वर्षांचा अनुभव असलेल्या कामगाराला, अनियंत्रित व्यवसायांत, मान्यतेची वाट न पाहता कामावर घेता येते. त्यासाठी ठरावीक किमान वेतनाची अट आहे. मात्र मालक कामगार संघटनेशी झालेल्या सामूहिक वेतनकराराने बांधलेला असेल तर ती अट शिथिल होते. म्हणजे त्या देशाचा कायदाच संघटनेच्या कराराला कामगाराचे संरक्षण मानतो. आपल्या आयटीआयच्या मुलांना जर्मन क्रियापदे शिकवणाऱ्या वर्गांत ही गोष्ट सांगितली जाते काय? नोकरी स्वीकारण्याआधी ‘तुमचा कारखाना वेतनकराराखाली आहे काय’ हा प्रश्न जर्मनमध्ये विचारता येणे हे, आमच्या मते, बी-१ च्या परीक्षेइतकेच महत्त्वाचे आहे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील आयटीआय आणि परिचर्या विद्यालयांत जावे, जाऊ इच्छिणाऱ्यांची करारपत्रे मराठीतून समजावून द्यावी, दलालाचा नोंदणी क्रमांक तपासावा. जर्मनीत कामगार संघटनांच्या सहभागाने चालणारी ‘फेअर इंटिग्रेशन’ ही सल्लाकेंद्रे आहेत. तेथे परदेशी कामगाराला वेतन आणि नोकरीविषयी विनामूल्य सल्ला मिळतो, ही माहिती प्रत्येकाच्या खिशात असावी. आणि विधिमंडळातील आपल्या मित्रांनी पुढच्या अधिवेशनात शासनाला जिल्हावार आकडे मागावे: या करारान्वये किती जण गेले, त्यांपैकी किती जणांना पूर्ण मान्यता मिळाली, किती महिन्यांनी मिळाली, आणि किती जण अद्याप सहाय्यकाच्या वेतनावर आहेत.